चौघांची धडक, सातजणांचा पहारा

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख नॅशनल फुटबॉल लीगमधील, म्हणजेच एनएफएलमधील, संघांच्या बचावफळीकडे आहे. नव्या वाचकांसाठी आधी एवढे सांगतो की चेंडू फेकण्याच्या तयारीत असलेल्या क्वार्टरबॅकवर बचावपक्ष जी धडक मारतो तिला पास रश म्हणतात, आणि चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच त्याला खेळी जिथून सुरू झाली त्या रेषेच्या मागे लोळवले तर त्याची नोंद सॅक म्हणून होते.

प्रश्न : फिलाडेल्फिया ईगल्सने २०२२ च्या हंगामात ७० सॅक केले आणि तरीही ते सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरले. दोन वर्षांनी सॅक बरेच कमी असताना तोच संघ विजेता ठरला. मग सॅकच्या आकड्याला काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण आपण समजतो तितका नाही. साखळी सामन्यांतील ७० सॅक ही प्रचंड कामगिरी होती. शिकागो बेअर्सचा १९८४ मधील ७२ सॅकचा विक्रम अवघ्या दोनने हुकला आणि एकाच संघातील चार खेळाडूंनी प्रत्येकी दहा किंवा अधिक सॅक करण्याचा प्रसंग लीगमध्ये पहिल्यांदाच घडला. मात्र त्या हंगामात ईगल्सने १७ पैकी १४ सामने जिंकले होते, हेही ध्यानात घ्यावे. जो संघ सतत आघाडीवर असतो त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पिछाडी भरून काढण्यासाठी पुन्हापुन्हा चेंडू फेकावाच लागतो आणि धडक मारणाऱ्यांना आयती संधी मिळत राहते. म्हणजे काही सॅक बचावफळीने कमावलेले होते, तर काही आक्रमणाने तिच्या पदरात टाकलेले होते.

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी ग्लेनडेल येथे कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ही फळी त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला एकदाही लोळवू शकली नाही. मैदान निसरडे होते ही तक्रार खरी असली, तरी चीफ्सनाही त्याच हिरवळीवर खेळायचे होते. माझ्या मते खरी चूक मागच्या फळीत होती. चौथ्या सत्रात चीफ्सने केलेल्या दोन टचडाउनकडे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेल्या गुणांकडे, बारकाईने पाहावे. दोन्ही वेळा खेळी सुरू होण्याआधी रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, रचनेच्या आतल्या बाजूला सरकू लागला आणि मध्येच पाय रोवून उलटा बाहेरच्या बाजूला पळाला. तो आत चालला आहे असे समजून बचावपटूंनी आपापसांत जबाबदारी बदलली, आणि तो बाहेर फिरला तेव्हा त्याच्या आसपास कोणीच उरले नव्हते. अशा वेळी महोम्सला चेंडू सोडायला क्षणभर पुरतो, आणि कडेने धडक मारणारा जगातला सर्वोत्तम एज रशरसुद्धा तेवढ्यात त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

२०२४ मध्ये बचाव-समन्वयक म्हणून विक फँजिओ आले, ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, क्विन्यॉन मिचेल आणि कूपर डीजीन हे दोन कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा ठेवणारे) मिळाले आणि लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीच्या मागे उभा राहणारा, झॅक बॉन याच्या खेळाला वेगळाच बहर आला. साखळीत सॅक ४१ च होते, पण संपूर्ण लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड याच संघाने पुढे सरकू दिले. पुढे ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याच महोम्सला सहा वेळा लोळवले, मध्यंतरापर्यंत चीफ्सना केवळ २३ यार्ड मिळू दिले आणि सामना ४०-२२ असा जिंकला. पहिला रिसीव्हर मोकळा नाही, म्हणून क्वार्टरबॅक दुसऱ्याकडे पाहतो आणि या एका अडखळण्यातूनच सॅक घडतो. संघाचे मूल्यमापन करताना एकूण सॅकऐवजी, चेंडू फेकण्याच्या किती खेळींत क्वार्टरबॅकला घाई करावी लागली हे प्रमाण पाहावे.

प्रश्न : आमच्या संघाचा पास रश दुबळा आहे. मग प्रशिक्षक दर वेळी पाच-सहाजण का धाडत नाहीत? (पुण्याहून पहाटे उठून सामने पाहणारे एक वाचक)

कारण ते गणित महागात पडते. बचावपक्षाचे खेळाडू ११, आणि समोर चेंडू झेलण्याचा अधिकार असलेले पाचजण. चौघांनी धडक मारली तर त्या पाचांवर पहारा ठेवायला सातजण उरतात. सहाजण धाडले, म्हणजे ब्लिट्झ केला, तर पाचांवर पाचच उरतात आणि कोणाच्याही पाठीशी मदतनीस राहत नाही. ही उणीव अननुभवी क्वार्टरबॅकला लवकर दिसत नाही. मुरलेल्याला खेळी सुरू होण्यापूर्वीच दिसते. महोम्सविरुद्धच्या त्या विजयात ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही, हे म्हणूनच मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुबळ्या फळीपुढे आणखी एक मार्ग असतो, आणि तो म्हणजे धाडायचे चौघेच, पण ते चौघे कोणते हे कळू द्यायचे नाही. रेषेवर सहाजण दबा धरून उभे राहतात, आक्रमणाची फळी त्यानुसार आपापली माणसे वाटून घेते, आणि चेंडू हलताच त्यांतील दोघे मागे सरकून पहाऱ्याला जातात. डिक लबो या प्रशिक्षकांनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये पूर्वार्ध संपताना ॲरिझोना कार्डिनल्स पिट्सबर्ग स्टीलर्सच्या टचडाउन रेषेजवळ येऊन ठेपले होते. लाइनबॅकर जेम्स हॅरिसनने धडकेचा आविर्भाव केला, लगेच माघार घेतली आणि कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याने फेकलेला चेंडू अडवून थेट १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. तो तिथे असेल असे वॉर्नरला वाटलेच नव्हते.

याचा अर्थ ब्लिट्झ टाकाऊ आहे असा मात्र नव्हे. चीफ्सचे बचाव-समन्वयक स्टीव्ह स्पॅग्नुओलो तो भरपूर वापरतात आणि त्यांच्या नावावर अनेक विजेतेपदे आहेत. परंतु त्यांच्या हाताशी एकास एक पहारा देऊ शकणारे कॉर्नरबॅक होते. ते नसताना केलेला ब्लिट्झ हा जुगारच होय.

प्रश्न : एका मोठ्या एज रशरवर सगळा पैसा लावणे शहाणपणाचे आहे का?

हा प्रश्न चार वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे आणि सर्वांच्या मनात मायका पार्सन्स आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला डॅलस काउबॉइजकडून घेतले; मोबदल्यात पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट हक्क आणि केनी क्लार्क हा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, दिला, आणि पार्सन्सशी वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. त्या वर्षी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. पहिल्या वर्षांचा भार पुढे ढकलण्याच्या युक्त्या असतात, तरीही ५३ खेळाडूंच्या संघात एकाच्या वाट्याला सरासरीने मर्यादेचा सुमारे सहावा हिस्सा जावा, ही लहान गोष्ट नव्हे.

पार्सन्स त्या किमतीचा खेळाडू आहे याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि संघाचा हंगाम त्याच्याविना पुढे सरकला. त्याआधी २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा एडन हचिन्सन पाच सामन्यांत साडेसात सॅक करून भरात असताना त्याचा पाय मोडला होता. पुढे लायन्सना दबाव निर्माण करण्यासाठी ब्लिट्झवर विसंबावे लागले आणि बाद फेरीत वॉशिंग्टनने त्यांच्याविरुद्ध ४५ गुण केले. एकाच खांबावर तंबू उभारला की असे होते.

शिवाय क्लार्कसारखा मधला माणूस देऊन कडेचा माणूस घेणे, या सौद्यातील विसंगती मला तेव्हाही खटकली होती. कडेने येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंत वळसा घालून यावे लागते. त्या वळशातून सुटण्यासाठी क्वार्टरबॅकला फक्त एक पाऊल पुढे टाकावे लागते, आणि ते पाऊल टाकायला जागा असते ती मधल्या ब्लॉकरनी, म्हणजे धडक अडवणाऱ्यांनी, राखलेली. आपला डिफेन्सिव्ह टॅकल त्या ब्लॉकरला दोन यार्ड मागे रेटत असेल तर ती जागाच उरत नाही आणि क्वार्टरबॅक आपणहून कडेच्या माणसाच्या हाती सापडतो. क्रिकेटमध्ये एका टोकाकडून धावा आवळून धरणाऱ्या गोलंदाजामुळे दुसऱ्या टोकाला बळी मिळतात, तसाच हा प्रकार आहे. धावफलकावर नाव मात्र दुसऱ्याचेच लागते.

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सने १८ सामने अपराजित राहिलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना १७-१४ असे हरवले तेव्हा जस्टिन टक या मूळच्या कडेच्या खेळाडूला त्यांनी अनेकदा मधे उभे केले होते. जड आणि मंद गार्डसमोर, म्हणजे मधल्या ब्लॉकरसमोर, त्याची चपळाई भारी पडली आणि पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पाच वेळा खाली आला.

ईगल्सची पद्धत मला अधिक टिकाऊ वाटते. जॉर्डन डेव्हिस २०२२ च्या पहिल्या फेरीतला; जेलन कार्टर आणि नोलन स्मिथ २०२३ च्या पहिल्या फेरीतले; आणि अंतिम सामन्यात अडीच सॅक करणारा जॉश स्वेट चौथ्या फेरीतला, तर दोन सॅक करणारा मिल्टन विल्यम्स तिसऱ्या फेरीतला. हे शेवटचे दोघे विजेतेपदानंतर लगेच अधिक पैशांसाठी दुसऱ्या संघांत गेले. म्हणजे ही भरती दरवर्षी चालू ठेवावी लागते. एकदा करून हात झटकता येत नाहीत. पण सात-आठ जण आळीपाळीने खेळवता आले तर चौथ्या सत्रात त्यांचे पाय ताजे असतात आणि समोरची ऑफेन्सिव्ह लाइन (ब्लॉकरांची फळी) मात्र थकलेली असते, कारण तिच्यात सहसा कोणी बदलले जात नाही.

प्रश्न : लमार जॅक्सन किंवा जॉश ॲलनसारखा पळणारा क्वार्टरबॅक असेल तर?

तर धडकेपेक्षा शिस्त महत्त्वाची. चौघांपैकी प्रत्येकाने आपली वाट धरून पुढे जायचे. कडेच्या दोघांनी क्वार्टरबॅकच्या मागे निघून जायचे नाही, कारण त्यांनी सोडलेल्या जागेतूनच तो निसटतो. चाहत्यांना हा रश मिळमिळीत वाटतो आणि सॅकही कमी होतात. पण २०१९ मध्ये पळून १,२०० हून अधिक यार्ड मिळवणाऱ्या जॅक्सनला पॉकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकरांच्या कड्यात, कोंडून तिथूनच चेंडू फेकायला लावणे हेच यश मानावे.

प्रश्न : धाव रोखण्याचा आणि पास रशचा काही संबंध आहे का?

थेट आहे. पहिल्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड काढण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यात, समोरच्याने धावून सहा यार्ड काढले तर पुढे धाव आणि पास दोन्ही शक्य राहतात आणि बचावपटूला थबकून विचार करावा लागतो. तिसऱ्या डाउनला आठ-दहा यार्ड हवे असतील तरच तो निर्धास्तपणे झेपावू शकतो.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये हायस्कूल संघात कडेला खेळतो. ताकद आहे, पण क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचत नाही. काय सुधारावे? (डॅलसच्या एक वाचक)

ताकदीच्या आधी त्याची नजर तपासावी. अनेक मुले क्वार्टरबॅकच्या आवाजावर निघतात; तो मुद्दाम आवाज बदलतो आणि मुलगा एक तर ऑफसाइड होऊन पाच यार्डांचा दंड ओढवतो किंवा दचकून उशिरा निघतो. नजर चेंडूवर हवी आणि तो हलला की निघायचे. पहिली तीन पावले जमिनीलगत, धड पुढे झुकलेले असावे. पहिल्याच पावलाला उभा राहणारा मुलगा ब्लॉकरला आपली छाती आयती देतो.

दुसरी गोष्ट हातांची. समोरच्या टॅकलचे, म्हणजे कडेच्या ब्लॉकरचे, हात छातीवर पडण्याआधी त्याचे मनगट झटकून बाजूला सारायचे, त्याच वेळी आतला खांदा खाली घालून त्याच्या काखेखालून निघायचे आणि कंबर क्वार्टरबॅकच्या दिशेने वळवायची. हे तीन तुकडे वेगवेगळे घोटून मग जोडावेत. ही एक चाल पक्की झाल्यावरच तिची जोडचाल शिकवावी. टॅकल बाहेरची बाजू राखण्यासाठी घाईने मागे सरकू लागला की त्याच्या आतल्या बाजूने घुसायचे. यूट्यूबवर पाहून दहा चाली अर्धवट करणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. डीकन जोन्स यांची डोक्यावर थप्पड मारण्याची प्रसिद्ध चाल एखाद्या जुन्या चित्रफितीत दिसली तर मुलाला आवर्जून सांगावे की एनएफएलने ती १९७७ मध्येच बंद केली आहे.

पोहोचल्यावर क्वार्टरबॅकच्या फेकणाऱ्या हातावर झडप घालायला शिकवावे, म्हणजे सॅकबरोबर चेंडूही सुटण्याची शक्यता असते. गुडघ्यांवर किंवा डोक्यावर आदळणे मात्र पूर्ण टाळावे. त्याला १५ यार्डांचा दंड आहे, आणि समोरचाही शाळकरी मुलगाच आहे.