सव्वासहाचा गॅलन, साडेसातचा गॅलन

प्रश्न असा आहे: ‘आजोबांच्या घरबांधणीच्या वहीत (१९५४) “टाकी ६ × ५ × ४, घ. फू. १२०, गॅ. ७५०” अशी नोंद सापडली. मोबाइलवर १२० घनफुटांचे गॅलन काढले तर ८९८ येतात. आजोबांचा गुणाकार चुकला का? आणि टाकीचं “घनफळ” म्हणायचं, “आकारमान” म्हणायचं की “क्षमता”?’

आजोबांचं बरोबर आहे, आणि मोबाइलचंही. गॅलन दोन आहेत.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला तो इंपीरियल गॅलन, ४.५४६ लिटरचा. १८२४च्या ब्रिटिश कायद्याने त्याची व्याख्या पाण्याच्या वजनावरून केली: ६२ अंश फॅरनहाइटला दहा पौंड पाणी जेवढी जागा व्यापेल तेवढा. अमेरिकेने मात्र त्याआधीचा, राणी ॲनच्या काळातला दारू मोजायचा गॅलन धरून ठेवला. तो २३१ घनइंचांचा, म्हणजे ३.७८५ लिटरचा. गॅलन लहान, म्हणून तेवढ्याच टाकीत भरतात जास्त. एका घनफुटात इंपीरियल गॅलन ६.२३ बसतात आणि अमेरिकन ७.४८. तुमच्या मोबाइलने न विचारता अमेरिकन धरला. न्यू जर्सीतल्या भाचीच्या फिशटँकवरचे गॅलन आणि आजोबांच्या वहीतले गॅलन म्हणूनच एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आता ७५० कुठून आले ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. ६.२२८८ने तोंडी कोण गुणणार? पण ६.२३ला ‘सव्वासहा’ म्हटलं की काम सोपं. पावकी, निमकी, सवायकी (पाव, अर्धा, सव्वा यांचे जुने पाढे) पाठ असलेला माणूस कागद न घेता सांगेल: १२०ची सहापट ७२०, वर १२०ची पावकी ३०, झाले ७५०. नेमकं उत्तर ७४७ आणि थोडं. साडेसातशेत तीन गॅलनांची चूक टाकीच्या गिलाव्यातच जिरते. अमेरिकन गॅलन हवा असेल तर ‘साडेसात’ धरा: सातपट ८४०, वर निमकी ६०, म्हणजे ९००. मोबाइल ८९८ म्हणतो. दोन्ही गॅलन आपल्या सव्वा-साडेच्या इतके जवळ बसतात हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

लिटरमध्ये हवं असेल तर घनफुटाला २८.३ने गुणा. तुमची टाकी साधारण ३,४०० लिटरची. टाकी गोल असेल तर फुटांतल्या व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ४.९, की थेट इंपीरियल गॅलन मिळतात. व्यास चार फूट, उंची पाच फूट: ८० गुणिले ४.९, म्हणजे ३९२.

शब्दांकडे येऊ. ‘घनफूट’ हा कुणी सरकारी भाषांतरकाराने टेबलावर बसून जुळवलेला शब्द वाटतो, पण त्याचा साचा जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) ‘घनहस्त’ आहे: एक हात लांब, एक हात रुंद, एक हात जाड, बारा कडांचा ठोकळा. धान्य मोजताना याच घनहस्ताला मागध खारी म्हटलं आहे. पुढे खातव्यवहारात, म्हणजे खड्डे-विहिरींच्या हिशोबात, क्षेत्रफळाला वेधाने (खोलीने) गुणलं की घनहस्त मिळतात असं सूत्र येतं. खड्डा वेडावाकडा असेल तर रुंदी अनेक ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी, हेही तिथेच सांगितलं आहे. हाताच्या जागी फूट बसला, एवढाच काय तो बदल.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ‘घनफूट’मधला फू दीर्घ, पण सामान्यरूपात ऱ्हस्व: घनफुटात, घनफुटांची. आणि ‘सहा घनफूट’ म्हणजे ‘सहा फुटांचा घन’ नव्हे. दुसऱ्यात २१६ घनफूट मावतात.

१९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि गॅलन हळूहळू व्यवहारातून गेला. घनफूट मात्र हलला नाही. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. धरणांचा टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, सरळ मराठीत एक अब्ज घनफूट, कोयनेचे १०५.२५ टीएमसी त्याच मापातले. नाशिक-नगरकडच्या बातम्यांत ‘दलघफू’ असतो, तो दशलक्ष घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तेव्हा ‘पाच हजार क्युसेक प्रतिसेकंद’ हे ‘लेडीज बायका’ म्हटल्यासारखं आहे. ‘क्युसेस’ तर कुठून उपटलं देव जाणे. दिवसभर ११,५७४ क्युसेकने विसर्ग चालला की एक टीएमसी होतो, हा आकडा पावसाळ्यात बातम्या वाचताना उपयोगी पडतो.

जाता जाता, ‘टाकी’ ही इंग्रजी ‘टँक’ची मराठी आवृत्ती नाही. प्रवास बहुधा उलटा आहे. इंग्रजी कोश ‘टँक’चं मूळ गुजराती टांकी, मराठी टाकं यांच्याकडे दाखवतात, आणि त्यात पोर्तुगीज ‘तांके’ची भेसळ मानतात. गडावरची खडकात खोदलेली टाकी पाहिलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. ‘घनफळ’ हा गणिताचा शब्द. त्यातलं फळ म्हणजे गुणाकाराचं उत्तर, क्षेत्रफळातलंच. ‘आकारमान’ विज्ञानाच्या पुस्तकातलं: दगडाचं, वायूचं, कशाचंही. पोकळ वस्तूत किती मावतं हे सांगायचं तर ‘क्षमता’. प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत त्याला ‘धारकता’ म्हणतात, तोही चांगला शब्द आहे, बोलण्यात मात्र रुळला नाही. टाकीच्या बाबतीत घनफळ आणि क्षमता एक नसतात. बाहेरून ६ × ५ × ४ मोजलेली टाकी चारी बाजूंनी आणि तळाला अर्धा फूट जाडीची असेल, तर आत ५ × ४ × ३॥ (साडेतीन), म्हणजे ७० घनफूटच उरतात, आणि ओव्हरफ्लोचा पाइप चार इंच खाली असेल तर त्याहूनही कमी. आजोबांनी ७५० लिहिताना फूटपट्टी आत धरली होती की बाहेर, हे वहीवरून कळत नाही. टाकी अजून उभी असेल तर एकदा झाकण काढून मोजा.