परवाना तुमच्या नावावर असतो, घराच्या नाही

बंदुकीचा परवाना कसा मिळवायचा हे विचारणारी पत्रं नेहमीच येतात. या वेळी मात्र बरीच पत्रं परवाना मिळाल्यानंतरच्या काळाबद्दल आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. उत्तरांना आधार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांचा आहे.

प्रश्न : माझ्याकडे बारा बोरची दुनळी आहे. घरात नऊ वर्षांचा नातू आहे. बंदूक लाकडी कपाटाच्या वर आणि काडतुसं ड्रॉवरमध्ये ठेवतो. एवढं पुरेसं नाही का? कुलपात ठेवली तर चोर आल्यावर तिचा उपयोग काय?

पुरेसं नाही. नऊ वर्षांचं पोर खुर्ची ओढून कपाटावर पोचतं, आणि बंदूक कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं.

परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचं आणि वापरण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. सही करून झाल्यावर बहुतेकांच्या ते लक्षातही राहत नाही, पण तुमची जबाबदारी तिथूनच सुरू होते. ज्याच्या नावावर परवाना नाही अशा कुणाच्याही हाती ते शस्त्र लागू नये, मग तो नातू असो, सून असो की घरकामाला येणारी बाई. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो तो वेगळाच. आणि हलगर्जीपणामुळे कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

बंदूक भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेल्या लोखंडी कपाटात ठेवा. दुनळीची नळी कुंद्यापासून सुटी करता येते, ती सुटी करूनच ठेवा. काडतुसं दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत, आणि ते जुडगं दाराजवळच्या खिळ्यावर तर मुळीच नको. नंबरचं कुलूप असेल तर नंबर फक्त परवानाधारकाला माहीत असावा.

आत ठेवण्याआधी शस्त्र रिकामं आहे हे दर वेळी पाहायचं. दुनळी उघडून काडतुसं बसतात ती दोन्ही घरं डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घर तपासा. पिस्तुलात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ते घर, बघायचं. उलट केलंत तर सुटलेली स्लाइड मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते. त्यानंतर तुम्ही मॅगझिन काढता, पिस्तूल रिकामं झालं असं समजता, आणि ते भरलेलंच असतं.

आता चोराचं. भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण चोर आला तर एखाद्या रात्री येईल, नातू त्या घरात रोज आहे. उशीखाली भरलेली बंदूक ठेवायला मी कुणालाही सांगणार नाही. दाराला चांगली कडी, बाहेर दिवा आणि शेजाऱ्यांशी बोलणं, याने जास्त संरक्षण होतं.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या नावावर एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर होतं. माझ्या नावावर आधीच एक बंदूक आहे, धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. सध्या सगळं वडिलांच्याच तिजोरीत आहे. वर्षश्राद्धानंतर बघू, असं आई म्हणते.

आईंची मनःस्थिती समजू शकतो, पण एवढं थांबू नका. परवाना वडिलांसोबत संपला. आता त्या तिजोरीतली शस्त्रं विनापरवाना आहेत आणि किल्ली तुमच्याकडे आहे. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असतात. त्यासोबत काडतुसंही जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नुसतं ‘एक बंदूक जमा’ एवढ्यावर सही करून येऊ नका.

जमा केलं म्हणजे शस्त्र हातचं गेलं असं नाही. वारस म्हणून तुम्ही परवान्यासाठी अर्ज करू शकता. आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे, एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाहक्काने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. तुमच्याकडे एक आहे, म्हणजे वडिलांच्या दोनपैकी एकच तुम्हाला मिळू शकते. भावाला २१ पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळणार नाही. दुसरं शस्त्र घरातल्या दुसऱ्या पात्र वारसाच्या नावावर घ्यायचं की विकायचं, हे ते जमा असतानाच ठरवा.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही धावपळ टाळायची असेल तर वेळेत बोला.

प्रश्न : रात्री रानडुकरं उसात घुसतात. परवाना माझा आहे, पण मला आता जागरण झेपत नाही. पुतण्या माझी बंदूक घेऊन राखणीला गेला तर चालेल का?

नाही. कलम ३ मध्ये सवलत आहे, पण ती अरुंद आहे. परवाना नसलेला माणूस तुमच्या समक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर बंदूक नेऊ शकतो, तीही फक्त दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा तुम्ही स्वतः वापरणार असाल तर. पुतण्याने एकट्याने राखण करणं यात बसत नाही. तो पकडला गेला तर त्याच्यावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लागेल, ज्यात किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. आणि हक्क नसलेल्याच्या हाती शस्त्र दिल्याबद्दल कलम २९ खाली तुमच्यावर. पीक संरक्षणासाठी पुतण्याचा स्वतःचा अर्ज करा. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न : जुन्या ट्रंकेत आजोबांच्या काळातली काडतुसं सापडली, काहींवर हिरवट बुरशीसारखं चढलंय. विहिरीत टाकू का? आणि घरात काडतुसं किती ठेवता येतात?

विहिरीत नको, चुलीत नको, पुरायचीही नाहीत. तो हिरवट थर पितळेवरचा गंज आहे. अशी काडतुसं उडतील की नाही याचा भरवसा नसतो, म्हणून ती ठोकून, घासून किंवा बंदुकीत घालून बघू नका. काडतूससुद्धा परवान्याशिवाय ठेवता येत नाही, मग ते एकच का असेना. कायद्यात ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केलं आहे. ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, हे खरंच. पण आता माहीत आहे. पोलीस ठाण्यात आधी फोन करा, सापडल्याची हकीकत लेखी द्या, काडतुसं जमा करून पोच घ्या.

किती ठेवता येतात हे तुमच्या परवान्यावरच लिहिलेलं असतं. तिथे दोन आकडे सापडतील, एका वेळी जवळ ठेवायचा आणि वर्षभरात खरेदी करायचा. काडतुसं मूळ खोक्यात, कोरड्या जागी ठेवा.

प्रश्न : आम्ही तीन महिने मुलीकडे परगावी जाणार आहोत. बंदूक बंद घरात ठेवून जाऊ का?

मी असतो तर ठेवली नसती. परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी देऊन पावती घ्या. बंदूक सोबत नेणार असाल आणि मुक्काम ३० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर ३० दिवसांच्या आत दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नेण्याआधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा, तो सगळीकडे चालतोच असं नाही. चोरी झाली तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात. शस्त्राचा क्रमांक पाठ नसतो, म्हणून परवान्याची झेरॉक्स बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवा.

प्रश्न : मुलाची एअरगन आहे. तिलाही परवाना लागतो का?

.१७७ बोरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची असेल तर लागत नाही. त्याहून ताकदवान असेल तर लागतो. खरेदीचं बिल जपून ठेवा. छऱ्यामुळे डोळा जाऊ शकतो, तेव्हा तीही कुलपातच.

प्रश्न : माझ्या पतींच्या नावावर रिव्हॉल्व्हर आहे. धंद्यातल्या नुकसानीनंतर ते गप्प झालेत, पिणं वाढलंय, ‘आता संपलं सगळं’ असं म्हणतात. मी काय करू? त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची नाही.

ताई, हे पत्र मी सगळ्यात आधी वाचलं. तक्रार न करताही रिव्हॉल्व्हर घराबाहेर नेता येतं, आणि ते आजच व्हायला हवं. मरणाचा विचार फार तीव्र असतो तो काळ बऱ्याचदा थोडा असतो. त्या वेळी बंदूक हाताशी असली तर सावरायला संधी मिळत नाही. ती नसली तर बहुतेकदा मिळते.

ज्यांचं ते ऐकतात अशा दीर, मित्र किंवा डॉक्टरांना मध्ये घ्या. ‘थोडे दिवस विक्रेत्याकडे ठेवू या, परवाना तुमचाच राहील’ असं सरळ बोला. ते पिऊन नसतील अशी वेळ निवडा. रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतः नेऊन जमा करणं उत्तम, सोबत कुणीतरी जावं. तुम्ही ते उचलून नेऊ नका. भरलेलं असू शकतं, आणि तुमच्या नावावर परवानाही नाही. काडतुसंही त्याच फेरीत गेली पाहिजेत.

ते ऐकत नसतील तर पोलीस ठाण्यात जाऊन जिवाला धोका आहे म्हणून मदत मागा. ती तक्रार ठरत नाही, तुम्ही त्यांचा जीव वाचवत आहात. त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं. फक्त पतींनीच नव्हे, तुम्हीही त्या क्रमांकावर बोला.