वाचकांचे प्रश्न: घरच्या कार्बनचा हिशेब

प्रश्न: इंटरनेटवरच्या तीन कॅल्क्युलेटरांनी आमच्या घराचे तीन निरनिराळे आकडे दिले. खरा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे घरामुळे वर्षाला हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, कसा काढायचा? (नाशिक)

उत्तर: कॅल्क्युलेटरने वीज कुठल्या देशाची धरली, यावर आकडा बदलतो. फ्रान्सची बरीचशी वीज अणुऊर्जेची, आपली मुख्यतः कोळशाची. तेव्हा हिशेब कागदावरच करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यातून १२ महिन्यांची युनिटे मिळवा. रुपये धरू नका. त्यात स्थिर आकार, वहन आकार असे बरेच काही मिसळलेले असते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो आणि लिटरभर पेट्रोलमागे २.३ किलो धरा.

समजा, चौघांचे घर आहे. महिना १५० युनिटे, वर्षाला ८ सिलिंडर, स्कूटरला महिना १५ लिटर पेट्रोल. वर्षाला वीज १,२६० किलो, गॅस ३३६, पेट्रोल ४१४, म्हणजे जवळजवळ दोन टन. यात किराणा, कपडे, स्कूटरखेरीजचा प्रवास आलेला नाही. मुंबई-दिल्ली विमानाची एक खेपच माणशी १०० किलोच्या आसपास जाते. पण कात्री आधी कुठे लावायची, ते एवढ्यावरूनही दिसते: विजेला.

प्रश्न: पर्यावरणासाठी गॅस सोडून इंडक्शन घ्यावे का? (कोल्हापूर)

उत्तर: कार्बनपुरते विचाराल तर आज नको. लिटरभर पाणी उकळायला इंडक्शनवर ०.१ युनिट लागते, म्हणजे ७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तेच पाणी गॅसवर ११-१२ ग्रॅम गॅसमध्ये उकळते, म्हणजे ३५ ग्रॅम. शेगडीवरची बरीच उष्णता भांड्याबाहेर वाया जाते, तरीही कोळसा जाळून, वीज करून, तारांतून घरी आणण्यापेक्षा हा मार्ग कमी धुराचा ठरतो. ग्रिडमध्ये, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यात, सौर आणि पवन वीज वाढत आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी हे गणित पुन्हा मांडायलाच हवे.

तोवर गॅस वाचवा. तूरडाळ अर्धा तास, छोले-राजमा रात्रभर भिजत घाला. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच मंद करा. पुढच्या शिट्ट्यांतून नुसती वाफ जाते, डाळ लवकर शिजत नाही. ज्योत पिवळी होऊन भांड्याचे बूड काळे पडत असेल, तर बर्नरची भोके तुंबली आहेत. बर्नर पूर्ण थंड झाल्यावर काढा, भोके टाचणीने मोकळी करा आणि नीट वाळवूनच परत बसवा.

प्रश्न: गच्चीवर १०० लिटरचा सोलर हीटर बसवला, पण बिल जेमतेम उतरले. बिघाड असेल का? (पुणे)

उत्तर: आधी टाकीतल्या विजेच्या कॉइलचे बटण बघा. बहुतेक वेळा ते वर्षभर चालूच राहिलेले असते. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की टाकीत गार पाणी शिरते, थर्मोस्टॅट लगेच कॉइल चालू करतो आणि ऊन चढायच्या आत पाणी विजेवरच तापून बसते. मग उन्हाला करायला काही उरत नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला चार युनिटे लागतात, म्हणजे रोजचा जवळजवळ तीन किलो कार्बन डायऑक्साइड. बटण बंदच ठेवा. दिवस ढगाळ गेला तरच आंघोळीआधी तासभर लावा.

दुसरे कारण नळाचे. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची १५ मीटर पाइप असेल, तर त्यात चार-पाच लिटर पाणी रात्रभर गार होऊन बसते. ते येते म्हणून घरचे गीझर लावतात. पाइपला फोमचे वेष्टण करा आणि हे पहिले पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरा. बोअरचे जड पाणी असेल, तर नळ्यांत क्षार साचतो. दरवर्षी साफ करून घ्या.

प्रश्न: सगळे जुने पंखे एकदम बदलावेत का? (ठाणे)

उत्तर: नाही, सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला. जुना ७५ वॉटचा आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉटचा धरला, तर रोज १२ तासांप्रमाणे ३०० दिवसांत १६२ युनिटे वाचतात. मात्र जुना रेग्युलेटर काढून पंख्याला थेट जोडणी द्यायला इलेक्ट्रिशियनला सांगा; रेग्युलेटरमधून चालवला तर आतले सर्किट जळू शकते.