उत्तरायणाला आठ जण, आणि मुकादम कोणीच नको

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या घरी १४ आणि १५ जानेवारीला आठ जण जमणार, नऊ वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजींपर्यंत. दिवसभर गच्चीवर पतंग, आणि अंधार पडल्यावर सगळ्यांनी एका बाजूने खेळायचा खेळ हवाय. पॅन्डेमिक हा बोर्ड गेम घरात आहे, पण दोन डाव भाऊजीच सगळ्यांच्या चाली ठरवत होते आणि आजी उठून गेल्या. टीव्ही, लॅपटॉप आणि एक कंट्रोलर आहे. काय घ्यावं?

यात भाऊजींच्या स्वभावापेक्षा खेळाची घडण जास्त कारणीभूत आहे. पॅन्डेमिकमध्ये जवळजवळ सगळं टेबलावर उघडं असतं. ज्याचं गणित सगळ्यांत वेगाने चालतं तो चौघांचा डाव एकटा खेळू शकतो, आणि खेळतोच. म्हणून एकाच माणसाला सगळं दिसणार नाही असा नियम ज्या खेळात मुळातच आहे, तो घ्या. भाऊजींना गप्प बसवायचं काम मग नियमच करतात.

तुमच्या घरासाठी माझी पहिली निवड द क्रू. २०१९चा पत्त्यांचा खेळ, थॉमस सिंग यांचा, ३ ते ५ जणांसाठी. मेंढीकोट येणाऱ्या माणसाला तो दहा मिनिटांत कळतो: उतारी, रंग पाळणं, हुकूम, हात करणं, सगळं तेच. चार रंगांत १ ते ९ असे ३६ पत्ते आणि १ ते ४ असे चार हुकूम, एकूण ४०. फरक एवढाच, की कोणता पत्ता कोणी हात करून जिंकायचा हे आधी ठरलेलं असतं, त्यालाच ‘काम’ म्हणायचं. तो पत्ता दुसऱ्या कोणी जिंकला की सगळेच हरतात.

डबा वेळेवर आला नाही तर साध्या पत्त्यांचे दोन कॅट पुरतात. पहिल्यातून एक्का ते नव्वी ठेवा, एक्का म्हणजे १. दश्शी, गुलाम आणि राण्या बाजूला काढा. चारही राजांच्या चेहऱ्यावर १, २, ३, ४ अशा चिठ्ठ्या चिकटवा. ते आता आपल्या रंगाचे राहिले नाहीत, हुकूम हाच त्यांचा वेगळा रंग. (इस्पिकच्या उतारीवर इस्पिकचा राजा टाकून रंग पाळला असं समजणं, ही चूक पहिल्या डावात होतेच.) दुसऱ्या कॅटमधले एक्का ते नव्वी हे ३६ पत्ते म्हणजे कामांची गड्डी. चार नंबरचा राजा ज्याच्याकडे तो कप्तान. कामं निवडायला आणि पहिली उतारी करायला तोच सुरुवात करतो. पहिल्या डावात एक काम, मग दोन, मग दोन ठरलेल्या क्रमाने, मग तीन. पाच जणांत प्रत्येकी आठ पत्ते, चौघांत दहा. तिघांत एकाकडे चौदा येतात, त्यातला एक शेवटी उरतो.

गंमत कशी होते बघा. काम आहे: किलवरची तिर्री आजींनी घ्यायची. आजींकडे किलवरची नव्वी असेल तर काम सोपं, त्यांनी ती उतरावी आणि तिर्रीवाल्याने तिर्री टाकावी. पण तिर्री आजींच्याच हातात आली तर? तो हात तिर्रीनेच करायला लागतो. म्हणजे त्या तिर्री उतरतील तेव्हा बाकी कोणाकडे किलवरचा मोठा पत्ता उरलेला नको, आणि कोणी हुकूम मारायला नको. म्हणून आधीच्या हातांत सगळ्यांनी मोठी किलवर मुद्दाम संपवायची. मेंढीकोटात मुरलेल्या माणसाचा हात इथे सारखा अडखळतो, कारण हात ओढायची सवय मोडावी लागते.

बोलायला बंदी. डावात प्रत्येकाला एकदाच, नवा हात सुरू व्हायच्या आधी, आपला एक पत्ता उघडा मांडता येतो आणि त्यावर एक खूण ठेवायची. घरी चणोठी (गुंज) किंवा बटण चालेल. वरच्या कडेला ठेवली तर ‘या रंगातला माझा सगळ्यांत मोठा’, मध्ये ‘या रंगाचा एकच आहे’, खाली ‘सगळ्यांत लहान’. तिन्हींपैकी काहीच खरं नसेल तर तो पत्ता दाखवता येत नाही, आणि हुकूम तर कधीच नाही. हा नियम ढिला सोडू नका. “अगं, तो नको टाकूस” एवढं एक वाक्य निसटलं तरी मुकादमी परत सुरू होते, तेव्हा तो डाव तिथेच मोडून पुन्हा पिसा.

आठही जणांसाठी लॅपटॉपवर कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स (२०१५) घ्या. विकत एकच प्रत लागते. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, बाकीच्यांकडे तो निकामी करण्याची पुस्तिका; त्याने पुस्तिका बघायची नाही, त्यांनी पडदा. पुस्तिका फुकट मिळते, २३ पानांची आहे, छापून घ्या. पहिल्या संध्याकाळी वायर, बटण आणि चिन्हं या तीन भागांचीच पानं वाटा. पुस्तिका इंग्रजीत असल्यामुळे सोपे भाग आधीच मराठीत लिहून ठेवा. तीन वायरींचा नियम असा: लाल एकही नसेल तर दुसरी कापा, नाहीतर शेवटची पांढरी असेल तर शेवटची कापा, नाहीतर निळ्या एकापेक्षा जास्त असतील तर शेवटची निळी कापा, नाहीतर शेवटची. एवढा कागद आजींच्या हातात दिला की वायरींचं खातं त्यांचं. वरच्या ओळीपासून क्रमाने वाचायचं आणि पहिली लागू पडेल तिथे थांबायचं. मधलीच ओळ वाचल्यामुळे चुकीची वायर कापली जाते. चिन्हांच्या भागात “शेपटीवाला उलटा क” असं काहीतरी वर्णन करावं लागतं, तिथे मुलं मोठ्यांपेक्षा पुढे असतात. दर बॉम्बला पडद्यासमोरचा माणूस बदला.

टीव्हीवर ओव्हरकुक्ड, सगळ्यांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचा व्हिडिओ गेम. एकाच कंट्रोलरचे डावा-उजवा भाग करून दोघं खेळू शकतात, पण बोटं आखडतात. चौघांना खेळायचं असेल तर अजून एक तरी कंट्रोलर मागून आणा. ‘ऑल यू कॅन ईट’ या एकत्रित आवृत्तीत सोपा मोड आहे, त्यात वेळ जास्त मिळतो. आजी-आजोबा खेळणार असतील तर तो चालू करा. नवखे सगळे चिरायला धावतात आणि उष्ट्या थाळ्या कोणी विसळत नाही, मग तयार पदार्थ वाढायला थाळीच नसते. एकाने फक्त थाळ्या आणि गॅस बघायचा. इट टेक्स टू (२०२१) सुंदर आहे, पण दोघांचाच. गर्दी पांगल्यावर काढा.

नऊ वर्षांच्या मुलासाठी फॉरबिडन आयलंड, बुडत्या बेटावरून खजिने घेऊन निसटायचा बोर्ड गेम. डब्यावर १०+ लिहिलंय, मोठ्यांच्या जोडीने बसला तर अडत नाही. पाणी सगळ्यांत खालच्या पातळीवरून सुरू करा, आणि एक हेलिकॉप्टरचा पत्ता शेवटासाठी राखा. चारही खजिने हातात असले तरी उडायला तो लागतोच.

आता पॅन्डेमिक. तो माळ्यावर टाकू नका, त्याचं गणित एकदा समजून घ्या. ४८ शहरं आणि ५ विशेष घटना मिळून ५३ पत्ते. चौघांना दोन-दोन वाटून ४५ उरतात, त्यात सोप्या पातळीचे ४ साथीचे पत्ते घातले की ४९. दर पाळीला दोन उचलायचे, म्हणजे २४ पाळ्या, माणशी फक्त सहा. पंचविसाव्या पाळीला दोन पत्ते उरत नाहीत आणि डाव हरतो. बरीच घरं शहरांवरचे रोगाचे ठोकळे उचलण्यात या पाळ्या घालवतात. ठोकळे तीन झालेल्या शहरांपुरतेच बघा, आणि औषध शोधायला लागणारे एका रंगाचे पाच पत्ते कोणाकडे जमवायचे हे पहिल्याच फेरीत ठरवा. पत्ता देताना दोघंही त्याच पत्त्याच्या शहरात असावे लागतात, हे हमखास विसरलं जातं. साथीचा पत्ता आला की टाकलेले संसर्गाचे पत्ते पिसून गड्डीच्या वर ठेवायचे; खाली ठेवले तर तीच शहरं परत पेटत नाहीत आणि खेळ उगाच सोपा होतो.

भाऊजींसाठी एक नियम: हातातले पत्ते झाकलेले, आणि ज्याची पाळी तो आधी बोलेल. त्याने विचारलं तरच बाकीच्यांनी सांगायचं.

आठ जणांचे दोन गट करा. पाच जण द क्रू, तीन जण टीव्हीवर, अर्ध्या तासाने अदलाबदल. बॉम्ब मात्र सगळ्यांनी मिळून. द क्रूच्या गटात मराठी-गुजराती दोन्ही बोलणारे बसले तरी अडचण नाही, बोलायचंच नसतं. गच्चीवर खेळ मांडू नका, वाऱ्याने पत्ते उडतात. आणि उंधियू-जलेबी खाल्लेले हात धुतल्याशिवाय पत्त्यांना लावू देऊ नका. तेलाचा डाग पडलेला पत्ता पाठीवरून ओळखू येतो, आणि माहिती झाकून खेळायच्या खेळात तो पत्ता बादच. मांज्याने कापलेल्या बोटावरची पट्टी ओली असेल तर तीही आधी बदलून घ्या.