मुलांना पाणी जपायला कसं शिकवायचं?
भाषणं, पोस्टरं बाजूला ठेवा आणि मुलांना मोजायला लावा. 1 लिटर पाणी म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी समजा. त्यातलं गोडं जेमतेम 25 मिलिलिटर, आणि त्याचाही दोन तृतीयांशांहून जास्त भाग बर्फात अडकलेला. उरतात चहाचे दीड चमचे, तेही बहुतेक जमिनीखाली. इथे मुलं गप्प होतात.

मग गळका नळ. 10 मिनिटं खाली पेला ठेवा, साठलेलं पाणी मोजून 144 ने गुणा. दिवसभराची गळती कळते. वॉशरही त्यांनाच बदलू द्या (थोडं भिजतील, भिजू द्या).

मोठ्या मुलांना छप्पर मोजायला सांगा: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी.