मुंबई हाय एवढं जुनं, तरी तेल अजून कसं निघतं?
१९७४ ला सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रातून अजून तेल कसं येतं, असं विचारलंय. म्हापशाच्या बाजारात सोड्याची बाटली उघडली की फसफसून आपोआप वर येतं ना, पहिला टप्पा तसाच, आतल्या प्रेशरवर तेल स्वतःच वर येतं, पण प्रेशर उतरतं आणि बहुतेक तेल खालीच राहतं. मग पाणी इंजेक्ट करून ढकलायचं, तिथे हे १९८४ पासून चालू आहे. पण तेल काय टाकीत नसतं हो, दगडाच्या बारीक छिद्रांत चिकटलेलं असतं, आणि पाणी लबाड, सोपी वाट धरून पुढे पळतं. म्हणून तिसऱ्या टप्प्यात पॉलिमर घालून पाणी दाट करतात, राजस्थानात बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात तेच केलंय, नाहीतर वाफ सोडतात. गुजरातमधल्या मेहसाण्याच्या तेलक्षेत्रांत तर हवा सोडून खालीच थोडं तेल जाळतात, म्हणजे बाकीचं पातळ होतं! खर्चिक प्रकार आहे पण.