कॅनडाची गायिका शनाया ट्वेन हिचा ‘अप!’ हा अल्बम कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत) म्हणावा की पॉप? लाल, हिरवी, निळी यांतली कोणती डिस्क ऐकावी?

‘पॉपकडे वळल्यावर ती खरी कंट्री गायिका राहिली का?’ असंही तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो. माझा आणि थोरल्या भावाचा हा वाद वीस वर्षांहून जुना आहे.

२००३च्या दिवाळीत दादा टोरोंटोहून पुण्याला आला. त्याच्या बॅगेत ‘अप!’ होता, माझ्याकडेही होता. दोन्ही उघडून पाहिले तर लाल डिस्क सारखीच, दुसरी मात्र वेगळी. अमेरिका-कॅनडात पॉपच्या लालबरोबर हिरवी, कंट्रीची. बाहेरच्या देशांत लालबरोबर निळी. गाणी तीच १९, गळा तोच, वाद्यमेळ तीन तऱ्हांचा. फराळाच्या ताटल्या बाजूला सारून रात्री दोनपर्यंत आम्ही एकेक गाणं तीनदा लावत बसलो.

हिरवीवर फिडल (म्हणजे लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार वाजली की दादाची मान डोलायची. ‘आमच्या ऑन्टॅरिओची पोरगी, टिमिन्सला वाढलेली,’ म्हणायचा. लाल लागली की ‘हा बाजार.’ निळीवरचा आपल्या वळणाचा ठेका ऐकला आणि म्हणाला, ‘हे तुझ्या ऑर्केस्ट्रासारखं झालं.’

ते मला लागलं, आजही लागतं. अकरा वर्षं व्हायोलिन शिकून मी सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्रात पहिली सुपारी घेतली, तेव्हा हाच दादा ‘बाटलास’ म्हणाला होता. घरात वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि दर कार्यक्रमाचे पैसे रोख मिळत. पण पैसे बाजूला ठेवा. मधले पीस वाजवताना मी गज हलका कधीच धरला नाही. सूर तोच होता, तालीम तीच होती.

म्हणून सांगतो, हिरवी डिस्क ‘खरी’ आणि लाल ‘खोटी’ हे साफ चूक आहे. तिन्हींच्या मुळाशी निर्माता एकच, तिचा तेव्हाचा नवरा मट लँग. ‘एसी/डीसी’चा ‘बॅक इन ब्लॅक’ आणि ‘डेफ लेपर्ड’चा ‘हिस्टेरिया’ हे रॉक अल्बम त्याचेच. हिरवी काही कुणाच्या शेतातल्या ओट्यावर बसून रेकॉर्ड केलेली नाही. निळीचं काम सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांचं, तेही इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे. तिच्या आधीच्या ‘कम ऑन ओव्हर’ (१९९७) या अल्बमच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेबाहेरच्या आवृत्तीत फिडल आणि स्टील गिटार कमी केली. जगभरात त्याच्या सुमारे ४ कोटी प्रती खपल्या.

कंट्रीचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या शुद्धतेचं म्हणाल, तर १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी स्वतःच फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आणला. गायिका पॅट्सी क्लाइनची गाणी त्या घडणीतली, आणि आज जुन्या कंट्रीची शपथ घेणारे तिचंच नाव घेतात. १९७५ साली पॉपकडे झुकलेल्या जॉन डेन्व्हरला कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार जाहीर करताना गायक चार्ली रिचने त्याच्या नावाचा कागद मंचावर लायटरने पेटवला होता. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. पेटीने गाणं बुडालं का?

गायिका कुठली, हे तिच्या गळ्यावरून आणि गाण्याच्या बांधणीवरून ठरवावं. शनायाची गाणी गोष्ट सांगतात, शब्द स्वच्छ लागतो, ओळीच्या शेवटी आवाज किंचित मोडतो. ते तिन्ही डिस्कवर आहे. मी तिला कंट्रीच म्हणेन.

आता कोणती ऐकावी? ‘फॉरेव्हर अँड फॉर ऑल्वेज’ आधी हिरवीवर ऐका, मग लालवर. मला स्वतःला हिरवी जास्त आवडते, हे दादापुढे कधी कबूल केलेलं नाही. १९ गाणी जरा जास्तच झाली आहेत, सलग ऐकू नका. आणि तुम्हाला कंट्रीची मुळं शोधायची असतील तर ‘अप!’पासून सुरुवात करू नका, जुना कंट्री गायक हँक विल्यम्स ऐका.

तुमच्या घरात कुणी वाजवत असेल आणि पोटासाठी दुसरं काही वाजवायला लागला असेल, तर त्याला काही बोलण्याआधी एकदा त्याच्या कार्यक्रमाला जाऊन बसा. दादा अजून आलेला नाही.